एकच प्रोग्राम, चार डिस्ट्रो: डिपेंडन्सी शेजारी-शेजारी ठेवून कशा तपासायच्या

प्रश्न असा आहे: "दादा, आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर पायथनमध्ये आहे. सियागंजातल्या दुकानांत ते उबुंटू २२.०४ वर व्यवस्थित चालतं. पीडीएफ बिलं वीझीप्रिंटने निघतात, देवनागरीत. आता रामबागेतल्या एका पतपेढीला ते हवंय, पण त्यांच्या सर्व्हरवर रॉकी लिनक्स ९ आहे आणि त्या मशीनला इंटरनेट अजिबात देत नाहीत. दोन्हीकडच्या पॅकेजांच्या याद्या काढून बघितल्या, तर नावंच जुळत नाहीत आणि उबुंटूची यादी जवळजवळ दुप्पट निघते. काय राहिलंय आणि काय फालतू आलंय, ते ओळखायचं कसं?"

याद्या जुळत नाहीत म्हणून घाबरू नकोस. त्या जुळायच्याच नसतात. पॅकेजवर लिहिलेली डिपेंडन्सी, म्हणजे चालायला लागणाऱ्या बाकी गोष्टींची यादी, प्रोग्रामपेक्षा तो प्रोग्राम बांधणाऱ्या डिस्ट्रोबद्दल, म्हणजे उबुंटू, रॉकी अशा लिनक्सच्या प्रकाराबद्दल, जास्त सांगते. कंपाइल करताना कोणत्या सोयी चालू ठेवायच्या, एका सोर्समधून किती पॅकेजं काढायची, कोणती गोष्ट सक्तीची आणि कोणती शिफारशीची, हे सगळं पॅकेज करणारा माणूस ठरवतो. म्हणून नावासमोर नाव लावून काही हाती लागत नाही. एक पायरी खाली उतर. कोणती लायब्ररी फाइल लागते, कोणती कमांड लागते, कोणती डेटा फाइल लागते, हे बघ. ही गरज सगळीकडे एकाच भाषेत लिहिलेली असते.

गिटचं, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामचं, उदाहरण घेऊ, कारण ते सगळ्यांच्या मशीनवर असतं. डेबियन १२ वर गिटच्या सक्तीच्या यादीत लिबसीकर्ल३-जीएनयूटीएलएस, लिबएक्सपॅट१, लिबपीसीआरई२, झेडलिब, पर्ल आणि गिट-मॅन दिसतात. रॉकीवर खरं काम करणारं पॅकेज गिट-कोर आहे. 'गिट' नावाचं पॅकेज त्यावर पर्लचा भाग आणि डॉक्युमेंटेशन चढवतं, त्यामुळे सर्व्हरवर पर्ल नको असेल तर नुसतं गिट-कोर टाकून भागतं. अल्पाइनने पर्लचा भाग गिट-पर्ल म्हणून वेगळा काढलाय. आर्चवर सगळं एकाच पॅकेजात आहे, पर्ल सक्तीचं आहे, आणि गिटके, म्हणजे गिटचा इतिहास खिडकीत दाखवणारा प्रोग्राम, चालवायला लागणारं टीके मात्र ऐच्छिक म्हणून नुसतं नोंदवलेलं असतं. सोर्स एकच, तरी चार ठिकाणी चार आकार.

त्यातलं जीएनयूटीएलएस हे शेपूट नीट बघ. सीकर्ल म्हणजे नेटवरून डेटा आणणारी लायब्ररी; जीएनयूटीएलएस आणि ओपनएसएसएल या तो डेटा कूटबद्ध करणाऱ्या दोन वेगळ्या लायब्ररी. गिटचं लायसन्स जीपीएल २ आणि जुन्या ओपनएसएसएलच्या लायसन्सशी त्याचं जमत नव्हतं, म्हणून डेबियनने गिटला जीएनयूटीएलएसवर बांधलेल्या सीकर्लशी जोडलं. उबुंटूत तेच आलं. रॉकीवर तोच गिट ओपनएसएसएलवाल्या सीकर्लशी बोलतो. त्यामुळे ऑफिसच्या प्रॉक्सीमागे उबुंटूवर 'जीएनयूटीएलएस हँडशेक फेल्ड' अशी एरर येते आणि शेजारच्या रॉकी मशीनवर क्लोन, म्हणजे कोडची प्रत उतरवणं, बिनबोभाट होतं. माणसं गिटला दोष देत बसतात, पण फरक दोन थर खाली असतो. हा फरक पॅकेजच्या नावांत दिसत नाही, लायब्ररीच्या पातळीवर लगेच दिसतो.

हे किती गंभीर होऊ शकतं ते २०२४ च्या मार्चमध्ये सगळ्यांनी पाहिलं. २९ मार्चला आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड युटिल्स या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार बसवल्याचं उघड केलं. निशाणा होता एसएसएच सर्व्हर, म्हणजे दुरून मशीनमध्ये लॉगिन करू देणारा प्रोग्राम. पण ओपनएसएसएचच्या मूळ सोर्सला एक्सझेडची लायब्ररी लागतच नाही. डेबियन आणि फेडोरा आपल्या एसएसएचडीला (एसएसएच सर्व्हरला) सिस्टमडीशी, म्हणजे मशीनवरच्या सेवा चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रामशी, बोलता यावं म्हणून पॅच लावत होते. त्या पॅचमुळे लिबसिस्टमडी आलं आणि त्याच्यामागून लिबएलझेडएमए, म्हणजे एक्सझेडची लायब्ररी, आलं. आर्चच्या रेपोमध्येही (पॅकेजांच्या साठ्यातही) एक्सझेडची तीच आवृत्ती पोचली होती, पण तिथला एसएसएचडी लिबएलझेडएमएशी जोडलेलाच नव्हता, त्यामुळे ती वाट तिथे नव्हती. म्हणजे 'एसएसएचडीला काय काय लागतं?' या प्रश्नाचं उत्तर डिस्ट्रोगणिक वेगळं होतं, आणि त्या रात्री कोणत्या मशीनकडे आधी धावायचं ते त्या उत्तरावर ठरत होतं. डिपेंडन्सीची तुलना हे कंटाळवाणं कारकुनी काम आहे असं जो म्हणेल, त्याला हे उदाहरण सांग.

आता तुझ्या कामाकडे येऊ.

आधी आकडा का फुगलाय ते बघू. एपीटी, म्हणजे डेबियन-उबुंटूचं पॅकेज बसवणारं साधन, शिफारशीची पॅकेजं, म्हणजे 'रेकमेंड्स', आपोआप बसवतं. डेबियनमध्ये ५.० पासून आणि उबुंटूत ८.१० पासून हीच पद्धत आहे. रॉकीचं डीएनएफसुद्धा तसंच करतं, पण आरपीएममध्ये, म्हणजे डीएनएफखालच्या पॅकेज-पद्धतीत, अशी सैल नाती ४.१२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ मध्ये आली आणि तिथले पॅकेजर ती हात राखून वापरतात. म्हणून तुलना करताना दोन्हीकडे शिफारशी बंद कर. एपीटीला 'नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' सांग आणि डीएनएफला 'इन्स्टॉल-वीक-डेप्स' फॉल्स कर. मग सक्तीची यादी वेगळी आणि शिफारशीची वेगळी, अशा दोन याद्या काढ. शिफारशीची यादी फेकून मात्र देऊ नकोस. गिटच्या शिफारशीत सीए-सर्टिफिकेट्स, म्हणजे सुरक्षित साइट ओळखायची प्रमाणपत्रं, आहे. ते नसलं तर गिट बसतो, चालू होतो, आणि पहिल्याच एचटीटीपीएस क्लोनला अडतो.

दुसरं कारण 'ॲप्ट-कॅश डिपेंड्स'ला रिकर्स (डिपेंडन्सींच्याही डिपेंडन्सी) लावून यादी काढण्याची सवय. डेबियनच्या डिपेंडन्सीत 'हे किंवा ते' असे पर्याय असतात आणि रिकर्स करताना ही कमांड सगळ्याच पर्यायांच्या मागे जाते. मेल पाठवायला एखादा मेल सर्व्हर लागतो एवढं लिहिलेलं असतं, आणि यादीत पाच मेल सर्व्हर येऊन बसतात. प्रत्यक्षात एकच बसणार असतो. म्हणून मी ती यादी धरत नाही. कोऱ्या डेबियन किंवा उबुंटू कंटेनरमध्ये (मशीनच्या आत वेगळी ठेवलेली छोटी लिनक्स) 'ॲप्ट-गेट इन्स्टॉल'ला सिम्युलेट लावतो आणि ते जे बसवू म्हणेल तेवढंच मोजतो. रॉकीच्या कोऱ्या कंटेनरमध्ये 'डीएनएफ इन्स्टॉल'ला 'असमनो' लावलं की तेच मिळतं. कंटेनर कोराच हवा. तुझ्या लॅपटॉपवर काढलेल्या यादीत आधीपासून बसलेलं सगळं गळून जाईल आणि तुलनेला अर्थ उरणार नाही.

एवढं केलं की याद्या बऱ्याच जवळ येतात. तरी नावं वेगळी राहणारच, म्हणून आता मुख्य काम. प्रत्येक बायनरीवर (कंपाइल झालेल्या प्रोग्रामवर) आणि प्रत्येक डॉट एसओ फाइलवर (लायब्ररीवर) 'रीडएल्फ'ला डी पर्याय देऊन चालव आणि 'नीडेड' लिहिलेल्या ओळी काढ. ही झाली थेट गरज. एलडीडीने हे काम करू नकोस. एलडीडी गरजेची गरज, तिची गरज असं सगळं एकत्र करून दाखवतं, शिवाय अनोळखी बायनरीवर ते चालवणं धोक्याचं आहे, त्याच्या मॅन्युअलमध्येच तसा इशारा आहे. नीडेडमध्ये जे नाव येतं, उदाहरणार्थ 'लिबक्रिप्टो डॉट एसओ डॉट ३', ते डिस्ट्रो बदलली तरी बदलत नाही. मग प्रत्येक डिस्ट्रोला विचारायचं की ही फाइल कोण देतं. उबुंटूवर 'ॲप्ट-फाइल सर्च', रॉकीवर 'डीएनएफ प्रोव्हाइड्स', आर्चवर 'पॅकमन'ला कॅपिटल एफ. अल्पाइनवर तर 'एपीके ॲड'ला पॅकेजऐवजी 'एसओ:' लावून थेट लायब्ररीचं नावच देता येतं. आरपीएम आणि एपीके या दोन्ही जगांत पॅकेजच्या डिपेंडन्सी मुळातच लायब्ररीच्या नावाने लिहिलेल्या असतात. डेबियनमध्ये बांधणीच्या वेळी लायब्ररीच्या नावावरून पॅकेजचं नाव आणि कमीत कमी आवृत्ती काढून लिहितात. माहिती तीच, फक्त एक पायरी भाषांतरित.

एक तक्ता कर. डाव्या बाजूला गरज, मग प्रत्येक डिस्ट्रोचा एक रकाना. पँगोच्या (अक्षरांची मांडणी करणाऱ्या लायब्ररीच्या) ओळीत उबुंटूखाली लिबपँगो-१.०-० आणि लिबपँगोएफटी२-१.०-० अशी दोन नावं येतील, रॉकीखाली नुसतं 'पँगो', आर्चखालीही 'पँगो'. डेबियन कुळात प्रत्येक लायब्ररीचं वेगळं पॅकेज करतात आणि एसओचा आकडा नावातच घालतात, म्हणून त्यांची यादी नेहमी लांब दिसते. लांब यादी म्हणजे जड सिस्टीम नव्हे. उद्या कुणी उबुंटू २४.०४ मागितलं तर यातली काही नावं पुन्हा बदललेली दिसतील. २०२४ मध्ये वेळेचा आकडा ६४ बिटांचा करताना कित्येक लायब्ररींच्या नावांना टी६४ जोडलं गेलं, आणि लिबएसएसएल३ चं लिबएसएसएल३टी६४ झालं. चौसष्ट बिटांच्या मशीनवर नवं पॅकेज जुन्या नावालाही 'प्रोव्हाइड्स'मधून हजेरी लावतं, त्यामुळे बसवताना अडत नाही. नुसती नावं जुळवणारी स्क्रिप्ट मात्र हमखास चुकते.

यानंतरची पायरी बरेच जण गाळतात. तुझं सॉफ्टवेअर पायथनचं आहे आणि वीझीप्रिंट पँगोला सीएफएफआय या पायथन आणि सी यांच्यातल्या पुलामधून चालू असताना उघडतं. म्हणजे नीडेडमध्ये पँगो दिसणारच नाही. रीडएल्फ म्हणेल सगळं ठीक आहे, पिप (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) म्हणेल सगळं बसलं, आणि पहिलं बिल काढताना पँगोसोबतचं 'जीऑब्जेक्ट लोड होत नाही' म्हणून प्रोग्राम पडेल. अशा गरजा शोधायला प्रोग्राम प्रत्यक्ष चालवावाच लागतो. उबुंटूवर 'एसट्रेस'खाली (प्रोग्राम सिस्टीमकडे काय काय मागतो ते नोंदवणारं साधन) एक पूर्ण बिल काढ. फाइल उघडण्याचे सगळे कॉल आणि दुसरे प्रोग्राम सुरू करण्याचे सगळे कॉल एका फाइलमध्ये पकड. यशस्वीपणे उघडलेल्या प्रत्येक फाइलवर 'डीपीकेजी'ला कॅपिटल एस देऊन विचार की ही कोणाची. यूएसआर खालचा पत्ता सापडला नाही तर पुढचं यूएसआर काढून पुन्हा विचार, कारण काही पॅकेजांच्या नोंदी अजून जुन्या पत्त्यावर आहेत. जी यादी हाती येईल ती तुझी खरी डिपेंडन्सी यादी. पॅकेजवर काय छापलंय त्यापेक्षा मी हिच्यावर जास्त विसंबतो.

त्या यादीत तुला फॉन्ट दिसतील, आणि देवनागरी बिलांचं अर्धं दुखणं तिथेच असतं. फॉन्ट नसला तर एरर येत नाही. बिल निघतं, रक्कम बरोबर असते, आणि गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी चौकोन असतात. उबुंटूवर फॉन्ट्स-लोहित-देवा, रॉकी ९ वर लोहित-देवनागरी-फॉन्ट्स, अल्पाइनवर फॉन्ट-नोटो-देवनागरी, आर्चवर नोटो-फॉन्ट्समध्ये बाकी लिप्यांसोबत तीही. आरपीएममध्ये यासाठी एक फार चांगली सोय आहे. फॉन्टची पॅकेजं आपण कोणत्या भाषांना पुरतो ते स्वतःच जाहीर करतात. 'डीएनएफ रेपोक्वेरी'ला 'व्हॉटप्रोव्हाइड्स' देऊन 'फॉन्ट(:लँग=एमआर)' विचारलंस की मराठी छापता येणाऱ्या सगळ्या फॉन्ट पॅकेजांची नावं येतात. मला ही सोय मनापासून आवडते, कारण नाव न घेता गरज सांगता येते. बसवून झाल्यावर दोन्ही मशीनवर 'एफसी-लिस्ट'ला तीच भाषा देऊन खात्री कर.

एसट्रेसमध्ये शेल स्क्रिप्टही दिसतील. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅश लिहिलं असेल, तर आरपीएम पॅकेज बांधताना ते वाचून बॅशची डिपेंडन्सी आपोआप लावतं. डेबियनमध्ये बॅश, सेड, ग्रेप, टार ही 'इसेन्शियल' पॅकेजं असल्याने ती लिहायचीच नाहीत असा नियम आहे. म्हणून डेबियनच्या यादीत जे नाही ते लागत नाही, असा अर्थ काढू नकोस. अल्पाइनच्या कोऱ्या इमेजमध्ये बॅश नसतंच, तिथे ती स्क्रिप्ट 'नॉट फाउंड' म्हणून थांबते आणि माणूस स्क्रिप्टची फाइल शोधत बसतो. उबुंटूकडून रॉकीकडे जाताना शेलची बाजू तशी सोपी आहे. उबुंटूत एसएच म्हणजे डॅश, रॉकीत एसएच म्हणजे बॅश, आणि डॅशवर चाललेलं सहसा बॅशवर चालतं. उलट दिशेने जाताना मात्र जपून.

आता आवृत्त्या. इथे तुला तीनच गोष्टी बघायच्या आहेत.

पहिली जीलिबसी, म्हणजे बहुतेक प्रोग्राम जिच्यावर उभे असतात ती सी ची मूळ लायब्ररी. उबुंटू २२.०४ वर २.३५ आहे, रॉकी ९ वर २.३४. नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालेलच याची हमी नसते. तुमच्याकडे सी किंवा सी++ मध्ये लिहिलेला एखादा भाग असेल तर 'ऑब्जडंप'ला कॅपिटल टी देऊन जीलिबसीचे आकडे गाळून बघ. सगळ्यात मोठा आकडा २.३४ किंवा खालचा हवा. कुणी तो भाग उबुंटू २४.०४ च्या लॅपटॉपवर बांधला असेल तर तो बहुतेक २.३८ मागेल. तिथल्या जीलिबसीमध्ये नुसतं एसटीआरटोल (मजकुरातून आकडा काढणारं फंक्शन) वापरलं तरी सी++ चा कोड नव्या नावाच्या फंक्शनशी जोडला जातो. पॅकेज जुळवत बसून हे सुटणार नाही. ज्या सर्वांत जुन्या डिस्ट्रोवर चालवायचंय तिच्या कंटेनरमध्ये बांध, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

दुसरी पायथन. उबुंटू २२.०४ चं ३.१० आहे, रॉकी ९ चं ३.९. मॅच-केस ही रचना ३.१० मध्ये आली, ती कोडमध्ये वापरली असेल तर रॉकीच्या मूळ पायथनवर फाइल वाचतानाच सिंटॅक्स एरर येईल. रॉकी ९ वर पायथन ३.११ वेगळ्या पॅकेजातून मिळतं, ते घे, आणि सिस्टीमच्या ३.९ ला हात लावू नकोस, कारण डीएनएफ त्यावर चालतं. पिपची व्हील, म्हणजे तयार बांधलेली पायथन पॅकेजं, रॉकीच्याच कंटेनरमध्ये ३.११ ने डाउनलोड कर. सायकॉपजी२-बायनरीसारखी व्हील आपल्या पोटात पोस्टग्रेस डेटाबेसची आणि ओपनएसएसएलची लायब्ररी घेऊन येतात. त्या डिस्ट्रोच्या यादीत दिसत नाहीत आणि 'डीएनएफ अपडेट'ने सुधारतही नाहीत. तक्त्यात त्यांची ओळ वेगळी कर, म्हणजे सुरक्षेचा अपडेट आला की कुणाकडे बघायचं ते कळेल.

तिसरी, आकड्यांवर भाळू नकोस. रेड हॅटच्या कुळात सुरक्षेची दुरुस्ती जुन्या आवृत्तीतच मागे आणून बसवतात. २०२४ च्या जुलैत ओपनएसएसएचमधली सीव्हीई-२०२४-६३८७ ही त्रुटी (सीव्हीई म्हणजे सुरक्षा त्रुटीचा जाहीर क्रमांक) जाहीर झाली, मूळ प्रकल्पाने ती ९.८ मध्ये दुरुस्त केली. रॉकी ९ वर एसएसएचचा आकडा त्यानंतरही ८.७ च राहिला, दुरुस्ती पॅकेजच्या पुढच्या रिलीझ क्रमांकात आली. म्हणून 'उबुंटूवर ८.९ आणि रॉकीवर ८.७, म्हणजे रॉकी असुरक्षित' अशी ओळ अहवालात कधी लिहू नकोस. पॅकेजचा चेंजलॉग वाच, त्यात सीव्हीई क्रमांक असतो.

बाकीच्या डिस्ट्रो तुला आत्ता लागणार नाहीत, पण पुढे कामी येईल म्हणून थोडक्यात. आर्चवर आवृत्तीच्या अटी सहसा लिहिलेल्याच नसतात, कारण अर्धवट अपग्रेड त्यांना मान्यच नाही. डिपेंडन्सींचं झाड बघायला पॅकट्री चांगलं आहे. जेंटूत यूज फ्लॅग (कंपाइल करताना सोयी चालू-बंद करणारे खटके) बदलले की डिपेंडन्सी बदलतात, म्हणून फ्लॅग सांगितल्याशिवाय तिथली यादी निरर्थक. निक्सची पद्धत मला सगळ्यात प्रामाणिक वाटते. बांधून झालेल्या फाइलींत दुसऱ्या पॅकेजांचे हॅश (ओळखीचे सांकेतिक क्रमांक) शोधून चालताना काय लागेल ते निक्स स्वतःच ठरवतं, माणसाच्या लिहिण्यावर सोडत नाही. आणि एका डिस्ट्रोतल्या पॅकेजला दुसरीकडे काय म्हणतात एवढंच हवं असेल तर रेपॉलॉजी या साइटवर बघ, नावं आणि आवृत्त्या झटकन मिळतात. डिपेंडन्सी मात्र तिथून कळत नाहीत.

पतपेढीच्या मशीनला नेट नाही, तेव्हा रॉकीच्या कोऱ्या कंटेनरमध्ये आधी सीआरबी आणि एपेल हे दोन रेपो चालू कर. उबुंटूच्या युनिव्हर्स रेपोमध्ये मिळणाऱ्या कित्येक गोष्टी रॉकीच्या मूळ रेपोत नसतात, त्या इथे सापडतात. मग 'डीएनएफ डाउनलोड'ला 'रिझॉल्व्ह' आणि 'ऑलडेप्स' असं दोन्ही दे. नुसतं रिझॉल्व्ह दिलंस तर कंटेनरमध्ये आधीच असलेली पॅकेजं गाळली जातात आणि पतपेढीच्या मशीनवर नेमकं तेच कमी पडू शकतं. आलेल्या फोल्डरवर 'क्रिएटरेपो' चालव, पेन ड्राइव्हवर घे, आणि रामबागेत जाण्याआधी दुसऱ्या कोऱ्या रॉकी कंटेनरमध्ये नेटवर्क 'नन' ठेवून त्यातूनच सगळं बसवून बघ. शेवटी एक बिल काढ. त्यात 'क्षीरसागर', 'कुऱ्हाडे', 'ज्ञानेश्वर', 'श्रीकृष्ण' अशी नावं आणि रुपयाचं चिन्ह घाल, म्हणजे फॉन्ट आणि जोडाक्षरं दोन्ही तपासली जातील.

त्यानंतरही काही पडलंच, तर तो तक्ता आणि रॉकीवरचा एसट्रेस असं दोन्ही पाठव. उबुंटूच्या एसट्रेसमध्ये उघडलेली आणि रॉकीच्या एसट्रेसमध्ये 'नो सच फाइल' आलेली पहिली ओळ शोधून ठेव, बहुतेक वेळा आपल्याला तीच हवी असते.